धार शाबूत

११ फेब्रुवारी, मंगळवार. चहाची सुट्टी.

किळस आली. दोरीवाल्यानं आज कटरनं बुटाच्या तळाचं च्युइंगगम खरवडलं, कटर पँटीला पुसला आणि त्याच कटरनं सफरचंदाच्या फोडी केल्या. वर मला विचारतो, घेणार का एक.

दोरीवाला म्हणजे शेजारच्या टेबलावरचा पॅकर. स्टोअरमधून सही करून मिळणारा पिवळा प्लास्टिकचा कटर तो दोरीला बांधून गळ्यात घालतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. माणूस खिशात काय ठेवतो यावरून ओळखावा. याचं तर खिशातही नाही. गळ्यात आहे, बैलाच्या घंटेसारखं.

माझ्याकडे अकरा चाकू आहेत. अकराही घडीचे, खिशात मावणारे, पातं मधल्या बोटाएवढं. सात जणांना आठवड्याचे सात वार वाटून दिलेत, चार खास प्रसंगांसाठी राखीव. रोज सकाळी आम्हा चाकू जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर ‘आज खिशात काय’ असा मेसेज येतो आणि आम्ही सगळे आपापला फोटो टाकतो. माझ्या फोटोखाली कायम एकच कौतुक: काय कोरा ठेवलाय. आमच्यात कोरा याहून मोठा शब्द नाही. माझ्या अकरांपैकी एकानंही आजवर काही कापलेलं नाही. याला शिस्त लागते.

दोरीवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, मग खिशात बाळगतोस कशाला, फोटोच बाळग.

पातळी बघून बोलावं.

१२ फेब्रुवारी. जेवणानंतर.

या नोकरीत मी तात्पुरता आहे, हे एकदा लिहून ठेवतो. मामानं चिकटवलं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं ते तत्त्वासाठी. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, तू हातात घेतलेलं एकही काम पुरं करत नाहीस. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. तेव्हा तीन विषय राहिले होते हा योगायोग. छत्री तिथेच राहिली. ती नंतर आई जाऊन घेऊन आली.

इथलं काम माकडही करेल. खोकं भरायचं, टेप मारायची, कोपऱ्यात आपली खूण काढायची. तक्रार आली तर खोकं कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. माझी त्रिकोण. दोरीवाल्याची फुली, तीही तिरकी.

समोरच्या टेबलावर जी बसते तिची खूण मासा. मार्कर न उचलता एका फटक्यात काढते. पोट, शेपूट, संपलं. दिवसाला दोनशे मासे, एकही दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही. या वहीत मी तिला मासोळी म्हणतो. तोंडावर अजून काहीच म्हटलेलं नाही. एकदा ‘टेप संपली’ म्हणालो होतो. तिनं दिली. बोटाला बोट लागलं नाही, पण टेप एकच होती.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.

आईनं शुक्रवारच्यानं लिंबू कापलं.

लिंबू. ज्या स्टीलला मी घामाचा हात लागू देत नाही त्यावर लिंबू. पात्यावर ढगासारखा काळा डाग पडलाय. तेल लावलं, पावडर लावली, मऊ फडक्यानं दोन तास घासलं. डाग अधिकच उठून दिसतोय.

आईला जाब विचारला. ती म्हणाली, मोज्यांच्या खणात चाकू ठेवणाऱ्यानं जाब विचारू नये. घरात इतके चाकू आणि मी दुधाची पिशवी दातानं फाडायची का. शिवाय म्हणाली, छान चालतो रे, पहिल्यांदाच काही कामाचं आणलंस.

जेवलो नाही. मग जेवलो, पण तिच्याशी एक शब्द न बोलता. तिनंही काही विचारलं नाही, म्हणजे तिला मनातून लागलं असणार.

शुक्रवार आता रिकामा झाला.

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.२०.

आला. बारावा.

सप्टेंबरात ऑर्डर दिली होती. हा दुकानात मिळत नाही. डोंगरापलीकडे एक कारागीर एकटा बसून बनवतो. फोन घेत नाही, पत्रानं बोलतो. ऑर्डर द्यायची तर तो एक फॉर्म पाठवतो, आणि त्या फॉर्मवर एकच प्रश्न: रोज काय कापता? त्यानुसार तो धारेचा कोन ठरवतो म्हणे. मला उत्तर लिहायला चार दिवस लागले. शेवटी लिहिलं: दोर, पुठ्ठा, फळं आणि प्रसंगी जे समोर येईल ते. त्यातला ‘प्रसंगी’ मला अजून आवडतो.

पुढच्या पत्रात त्यानं विचारलं, काही खूण कोरायची का. मी रद्दीत गेलेल्या एका खोक्यावरचा मासोळीचा मासा पाठवला. पुठ्ठा हातानं फाडला होता, त्यात माशाची शेपूट थोडी गेली. कारागिरानं ती आपल्या अंदाजानं जोडून दिली आहे. मूठ अक्रोडाची, पातं पाण्यासारखं, आणि पात्याच्या बुडाशी तिचा मासा.

सोबत चिठ्ठी: तीन महिन्यांनी चाकू माझ्याकडे पाठवा, पहिली धार मीच लावतो. जो पाठवत नाही त्याचं नाव यादीतून जातं. पाठवीन ना. माझ्याइतका जपलेला चाकू त्यानं जन्मात पाहिला नसेल.

४ मार्च.

प्लॅन पक्का. मासोळीला कधीतरी काहीतरी कापायला लागणार. ती मागणार. मी खिशातून काढणार, एका हातानं, अंगठ्याच्या एका झटक्यात उघडणार. पातं चमकणार, तिला मासा दिसणार. पुढे बोलायची गरजच नाही. पत्र नाही, फूल नाही, बागेत भेट वगैरे नाही. ते सगळं बघून मला मळमळतं.

एका हातानं उघडायची प्रॅक्टिस सुरू. खटका नवीन असल्यामुळे घट्ट आहे. सध्या दोन हात आणि एकदा गुडघा लागतो.

७ मार्च. दुपारी.

मागितलं. मलाच मागितलं. अरे, तुझ्याकडे कापायला काही आहे का.

हात खिशात गेला होता. मग समोर पाहिलं. टेप. जाड, तपकिरी, चिकट. परत आलेलं खोकं होतं, त्यावर कुणीतरी पाच फेऱ्या मारलेल्या. त्या टेपचा गोंद पात्यावर बसला की पेट्रोलनंही निघत नाही. तो मासा तिनं पहिल्यांदा बघायचा तो गोंदात लडबडलेला?

नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि घराच्या किल्लीनं खोकं फाडलं.

वाईट वाटलं नाही. माझ्या मते मी आज तिचा मान राखला. संकल्प: योग्य वस्तूची वाट बघणे. रेशमाचा धागा. पाकीट. फार तर फळ, स्वच्छ धुतलेलं.

२५ मार्च.

किती दिवस वाट बघणार. आज घरून सफरचंद नेलं. दोनदा धुतलं, रुमालात गुंडाळलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, कापून देऊ का. खिशातला अंगठा खटक्यावरच होता.

ती म्हणाली, कशाला, दात आहेत मला. आणि चावलंच. बियांसकट. देठ तेवढा माझ्या रुमालावर ठेवला.

मला किळस आली नाही. तिच्या बाबतीत येत नाही, याची नोंद असावी.

देठ खणात ठेवलाय.

१० एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.

जसं घडलं तसंच लिहितो. लोक काय वाटेल ते बोलतायत.

साडेअकराच्या सुमारास मासोळी पट्टीच्या मशीनवर होती. हे मशीन खोक्याभोवती प्लास्टिकची पट्टी ओढून घट्ट करतं. ती वाकली, गळ्यातल्या आयकार्डाची फीत पट्टीबरोबर आत गेली आणि मशीननं तीही ओढली. तिचा गाल खोक्याला टेकला. सुपरवायझरनी लाल बटण दाबलं, मशीन थांबलं. पण फीत तशीच ताणलेली. तिला मान वळवता येईना. सुपरवायझर ओरडले, अरे कापायला द्या काहीतरी, कुणाकडे आहे.

माझ्याकडे होतं. सगळ्यात जवळ मीच होतो.

माझ्याकडे दोन होते, हीच अडचण झाली. आधी हातात आला तो गुरुवारचा. मग वाटलं, आज गुरुवारचा कसा, आजच तर माशाचा दिवस. गुरुवारचा ठेवून माशाचा काढला. तो चामड्याच्या कव्हरात होता. कव्हराचं बटण उघडलं. पात्यावर अंगठ्याचा ठसा उमटला तो शर्टाला पुसला. आणि मग फीत बघितली. नायलॉन. विणलेलं नायलॉन म्हणजे धारेचा काळ. कुठल्या कोनातून घातला तर कमीत कमी झीज होईल याचा माणूस विचार करणारच. मी वेळ लावला म्हणतात. फार तर पंधरा सेकंद.

तेवढ्यात दोरीवाला टेबलावरून उडी मारून आला आणि त्यानं फीत कापली. च्युइंगगमवाल्या कटरनं. तिच्या मानेपासून दोन बोटांवर. मला अंगावर काटा आला, इतकं घाणेरडं पातं.

ती जमिनीवर बसली. पाणी प्यायली. गळ्यावर लाल रेघ होती. तिनं वर बघितलं तेव्हा माझ्या एका हातात कव्हर होतं आणि दुसरा हात खिशात. चाकू मी परत ठेवलेला.

तिनं नुसतं बघितलं.

११ एप्रिल.

विचार केला. दोष मशीनचा आहे. दुसरा दोष ऑफिसचा, नायलॉनच्या फिती देतात. सुती फीत असती तर मी क्षणात कापली असती. सुपरवायझरना तसं लेखी द्यायला गेलो. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, तुझ्या खिशात चाकू असतो असं ऐकलं ते खरं का. हो म्हणालो. ते म्हणाले, जा, कामाला लाग.

दोरीवाल्याला सगळे चहा पाजतायत. मासोळीनंही पाजला. तो कटर अजून त्याच्या गळ्यात आहे, धुतलेलासुद्धा नाही.

आई म्हणाली, चेहरा का असा. म्हटलं, लोक बघवत नाहीत. ती म्हणाली, मग आरशात बघू नकोस.

१५ एप्रिल, मंगळवार. जेवणाची सुट्टी. महत्त्वाचं.

मासोळी स्वतः माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, तुला चाकूतलं कळतं म्हणतात, चांगला चाकू कुठे मिळेल. रोजच्या कामाचा, दणकट.

मी बोलायला लागलो. स्टील, कोन, खटका, मुठीचं लाकूड. ती घड्याळ बघत होती, वेळ तिलाही अपुरा वाटत असणार. शेवटी म्हणाली, बाबा रे, पत्ता दे फक्त. परत माझी मान मशीनमध्ये अडकली तर मला कुणाच्या खिशाकडे बघत बसायचं नाही.

एका खोक्याच्या तुकड्यावर कारागिराचा पत्ता लिहून दिला. पुठ्ठा फाडताना या वेळी कडा नीट ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत तिचं बोलणं दहादा आठवून पाहिलं. आता उलगडलं. ‘मला बघत बसायचं नाही’ हे वरवरचं. मुलगी आपल्यासाठी चाकू मागवत नसते. मग पत्ता कशाला? मला भेट द्यायला. रागावली होती, राग गेला, आता समेट. सरळ कसं सांगणार, म्हणून असं आडून.

तेराव्यासाठी खणात जागा केली. देठ डबीत हलवला.

२ जून, सोमवार.

तीन महिने झाले. नियमाप्रमाणे मासा कारागिराकडे पाठवला. पाठवण्याआधी भिंगातून पाहिला. एक ओरखडा नाही. एक डाग नाही. धार, त्यानं दिली तश्शी, शाबूत. कापसात, मग मखमलीत, मग डबीत, मग खोक्यात. टेपच्या मात्र मी दहा फेऱ्या मारल्या.

त्याच्या तोंडचे शब्द काय असतील याचा अंदाज करतोय. आपल्यासारखं गिऱ्हाईक विरळा, असं काहीतरी. फ्रेम करून लावीन. ग्रुपवर टाकीन.

१६ जून.

अजून उत्तर नाही. बहुधा तो चाकू इतरांना दाखवत असेल.

दोरीवाला आणि मासोळी हल्ली डबा एकत्र खातात. मला त्यात काही वाटत नाही. तो तिला सफरचंदाच्या फोडी करून देतो आणि आता ती त्या घेते. दात होते ना तुला.

२३ जून, सोमवार. सकाळी.

पाकीट आलं. त्यात पत्र. चाकू नाही.

उतरवून ठेवतो, म्हणजे पुढेमागे पुरावा राहील. तो लिहितो: चाकू मिळाला. भिंगाखाली पाहिला. यानं काही कापलेलं नाही. तुम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, दोर, पुठ्ठा, फळं आणि प्रसंगी जे समोर येईल ते. दोर, पुठ्ठा, फळं जाऊ द्या. तीन महिन्यांत प्रसंगही आला नाही का? मी चाकू खणात निजवायला बनवत नाही. हा ठेवून घेतला आहे, तुमचे पैसे परत पाठवले आहेत. कापणारं माणूस भेटलं की त्याला देईन.

दोनदा वाचलं. ‘प्रसंगही आला नाही का’ हे वाक्य तिसऱ्यांदा वाचलं नाही.

दुपारी.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. हा कोण मला शिकवणार. चार पानी उत्तर लिहिलं. पहिल्या पानात त्याचा उद्धटपणा, दुसऱ्यात कायदा, तिसऱ्यात पट्टीच्या मशीनची रचना आणि नायलॉनचे गुणधर्म. चौथ्या पानावर मी काय लिहीत होतो ते मलाच नीट कळलं नाही. त्यात तिच्या गळ्यावरच्या रेघेबद्दल बरंच होतं.

फाडलं. हातानं.

संकल्प: यापुढे कारागीर या जातीवर विश्वास ठेवायचा नाही. काळजी नाही. मासोळीकडून येणार आहेच.

७ जुलै, सोमवार. सकाळी ९.१५.

ऑफिसच्या टपालात खोकं. लहान. त्यावर कारागिराचा शिक्का, मी तो झोपेतही ओळखीन. नाव मासोळीचं.

हात धुवून आलो. केस पुन्हा विंचरले. ती देईल तेव्हा लगेच घ्यायचं नाही, आधी ‘हे काय’ म्हणायचं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरं जमलं.

संध्याकाळी ६.३०.

साडेदहाला तिनं मला हाक मारली. अरे, इकडे ये जरा. गेलो. हे काय, म्हणालो. ती म्हणाली, चाकू, आणखी काय, तूच तर पत्ता दिलास.

तिच्या हातात होता. अक्रोडाची मूठ. उघडा. पात्याच्या बुडाशी मासा.

ती एकदम खुशीत होती. सांगत होती की त्यानं एकच प्रश्न विचारला, रोज काय कापता. मी लिहिलं, दोनशे खोक्यांची टेप, आणि मशीननं धरलं तर माझी फीत. नंतर काय खूण हवी विचारलं, मासा काढून पाठवला. तर त्यानं कळवलं, अहो, असा मासा कोरलेला एक तयारच आहे, कुणीतरी करून घेतला आणि वापरलाच नाही. बघ ना, शेपूट सोडली तर अगदी माझाच.

मग म्हणाली, कोण असेल रे असा वेडा. एवढी सुंदर वस्तू करून घ्यायची आणि हात लावायचा नाही.

म्हणालो, असतात असे.

पात्यावर आधीच गोंद होता. तपकिरी, दाट, त्याला धूळ चिकटलेली. सकाळपासून ती पंधरा-वीस खोकी उघडून मोकळी झाली होती. मासा अर्धा झाकलेला. पुसून देऊ का म्हणालो. ती चाकू मिटून म्हणाली, राहू दे, परत भरणारच आहे, तू जरा हे खोकं धर. मी दोन्ही बाजूंनी धरलं. तिनं एका हातानं, अंगठ्याच्या एका झटक्यात चाकू उघडला आणि टेपवरून असा नेला की मला पुठ्ठ्यातून त्याचा थंडपणा जाणवला. आवाजसुद्धा झाला नाही. फार सुंदर कापतो. हे मला माहीत नव्हतं.

दोरीवाला बघत होता. म्हणाला, याला काही कापायला सांगू नकोस, हा कोन काढत बसेल. ती हसली. मग गंभीर होऊन मला म्हणाली, तू पण एक कामाचं काहीतरी ठेवत जा जवळ. स्टोअरमध्ये देतात, सही करून घ्यायचा. दर वेळी दुसऱ्याकडे कुठे मागणार.

माझ्या खिशात सोमवारचा होता. काढला नाही.

पाच वाजता स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर म्हणाला, वर्ष होत आलं तुला, आत्ता आठवण झाली का. सही केली. पिवळा कटर मिळाला. प्लास्टिकचा. वर खाचा पाडलेलं पातं, बोथट झालं की एक तुकडा मोडून टाकायचा. म्हणजे धार संपायचं भयच नाही. इतकी साधी युक्ती कुणाला सुचली असेल.

घरी टेबलावर ठेवला होता. आईनं बघितला. स्वयंपाकघरातून दुधाची पिशवी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली.

कटर हातात घेतला. पातं दोन खाचा पुढे सरकवलं. दिव्याखाली धरलं. एकसुद्धा ओरखडा नाही. फॅक्टरीतलं तेल अजून तसंच आहे.

आईला म्हटलं, उद्यापासून.

तिनं पिशवी दातानं फाडली.